कॅलिफोर्निया डेल्टात कायाकवरून स्ट्राइप्ड बास: आधी पाण्याचे वेळापत्रक, मग गळ

सॅन फ्रान्सिस्कोपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, अँटिओक आणि पिट्सबर्ग या गावांजवळ, उत्तरेकडून येणारी सॅक्रामेंटो आणि दक्षिणेकडून येणारी सॅन होआकीन या दोन नद्या एकत्र येतात. त्यांच्या संगमाच्या वरच्या अंगाला नद्या, खाड्या, फाटे आणि कालवे यांचे हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे जे जाळे पसरले आहे, त्याला येथील लोक नुसते ‘डेल्टा’ म्हणतात. पेण-अलिबागकडची खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रदेश समजावून सांगावा लागत नाही. बांधाच्या एका बाजूला भरतीचे पाणी, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेली शेती, आणि बांध फुटला की कायमचे पाण्याखाली गेलेले शिवार, हे सगळे येथेही आहे. फ्रँक्स ट्रॅक्ट हे आजचे विस्तीर्ण उथळ सरोवर १९३८ साली बांध फुटेपर्यंत शेतीचे बेट होते.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, स्थायिक झालेल्या आणि मासळीची ओढ असलेल्या अनेक मराठी कुटुंबांतून मला कायाकवरच्या, म्हणजे एकट्याने चालवायच्या अरुंद, हलक्या नावेवरच्या, मासेमारीबद्दल विचारणा होते. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणते आमिष वापरायचे’ हा असतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. डेल्टात तुम्ही कुठे उतरता, कोणत्या दिशेला जाता, मासा कुठे उभा असतो आणि तुम्ही सुखरूप परत येता की नाही, हे सर्व भरती-ओहोटीवर ठरते, आणि ज्याला ते वेळापत्रक वाचता येते त्याला साध्या आमिषावरही मासा मिळतो.

मासा आणि त्याचे वर्षाचे चक्र

स्ट्राइप्ड बास हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा आहे. १८७९ साली न्यू जर्सीतील नेवसिंक नदीतून पकडलेली सुमारे १३२ लहान मासोळी आगगाडीने देशाच्या या टोकाला आणून मार्टिनेझजवळ सोडण्यात आली, आणि १८८२ साली आणखी सुमारे ३०० माशांची भर घालण्यात आली. एवढ्याशा बियाण्यावर दहा वर्षांच्या आत येथे त्याचा व्यापार सुरू झाला. पुढे १९३५ साली व्यापारी मासेमारी बंद करून हा मासा केवळ हौशी गळकऱ्यांसाठी राखण्यात आला.

आपल्याकडील जिताडा जसा खाडीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्राच्या तोंडाकडे जातो, त्याच्या अगदी उलट या माशाची वाट आहे. तो सॅन फ्रान्सिस्को उपसागरात आणि समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात चढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मोठे मासे उपसागरातून डेल्टाकडे सरकू लागतात, हिवाळ्यात थंड पाण्यात सुस्तावतात, आणि एप्रिल ते जून या काळात, पाण्याचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असताना, वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. बारा पौंडांची मादी एका हंगामात दहा लाखांच्या आसपास अंडी देऊ शकते, म्हणून वसंत ऋतूत हाती आलेली पोटुशी मोठी मादी पाण्यात परत सोडावी, असे मी आग्रहाने सांगतो. नवशिक्यासाठी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने सर्वांत चांगले आहेत, कारण तेव्हा मासा खादाड असतो, वारा पडलेला असतो आणि पाणी अजून जीवघेणे थंड झालेले नसते.

पाण्याचे वेळापत्रक

कोकणातील जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. हे गणित तेथे चालते, कारण अरबी समुद्राच्या त्या किनाऱ्यावर दिवसातून दोन जवळजवळ सारख्या भरत्या येतात. कॅलिफोर्नियात ते चालत नाही. येथे दिवसातल्या दोन भरत्या असमान असतात आणि दोन ओहोट्याही असमान असतात, त्यामुळे एका ओहोटीला पाणी थोडेसे उतरते आणि दुसऱ्या ओहोटीला बांधाचे दगड उघडे पडतील इतके उतरते. शिवाय गोल्डन गेटपाशी, म्हणजे उपसागराच्या तोंडाशी, आलेली भरती अँटिओकपर्यंत पोहोचायला काही तास घेते. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचे कोष्टक पाहून निघू नये. अँटिओक, थ्रीमाइल स्लू (स्लू म्हणजे फाटा) किंवा तुम्ही जेथे उतरणार आहात त्याच्या जवळच्या भरती-मापन ठाण्याचे कोष्टक पाहावे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: कोष्टकात ज्या क्षणी ओहोटी संपली असे लिहिलेले असते त्याच क्षणी प्रवाह फिरत नाही. पाण्याची पातळी वर चढू लागली तरी नदीच्या मध्यातला ओघ काही काळ खालीच वाहत राहतो.

आता या वेळापत्रकात वाऱ्याची भर घालायची. उन्हाळ्यात सेंट्रल व्हॅली, म्हणजे राज्याच्या आतले मोठे खोरे, तापली की तेथील हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा कार्किनेझ सामुद्रधुनीतून आत खेचली जाते. हाच तो पश्चिमेचा ‘डेल्टा ब्रीझ’. रिओ व्हिस्टाजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि शर्मन बेटावर शिडाच्या फळ्या घेऊन लोक येतात, ते या वाऱ्यासाठीच. मे ते ऑगस्टमध्ये तो बहुधा दुपारी जोर धरतो. प्रवाह आणि वारा एकाच दिशेचे असतील तर पाणी बरेचसे सपाट राहते, पण ओहोटीचे पाणी पश्चिमेला धावत असताना समोरून पश्चिमेचा वारा आला की लाटा उभ्या आणि आखूड होतात आणि कायाकचे नाक प्रत्येक लाटेत बुडते.

पहिल्या वर्षी जून महिन्यात मी नेमका हाच घोटाळा केला. ओकलीहून पहाटे भरतीबरोबर पूर्वेकडे, जर्सी बेटाच्या कडेने, तासाभरात सहज गेलो, आणि ‘परतताना ओहोटी आपल्याला आणेल’ या हिशेबावर दुपारपर्यंत थांबलो. ओहोटीने खरोखरच मला पश्चिमेकडे ओढले, पण वाऱ्याने कायाक दर चार वल्ह्यांना आडवी फिरवली. पाणी मांडीवर येत होते. ज्या अंतराला जाताना एक तास लागला होता त्याच अंतराला परतताना तीन तास लागले, आणि त्यातला अर्धा वेळ मी लव्हाळ्याला धरून दम घेत काढला.

त्या दिवसापासून मी उन्हाळ्यात एकच नियम पाळतो: सकाळी ओहोटीबरोबर पश्चिमेला जायचे आणि भरतीबरोबर पूर्वेला परतायचे. असे केले की परतताना प्रवाह आणि वारा दोन्ही पाठीशी असतात. त्यासाठी ज्या दिवशी तुमच्या ठाण्यावर ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमारास संपते, असे दिवस महिन्याच्या सुरुवातीलाच कोष्टकातून निवडून ठेवावेत. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे असे तीन-चार दिवस लागोपाठ मिळतात आणि पुन्हा सुमारे दोन आठवड्यांनी येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त असते. अशा दिवशी अरुंद फाट्यातला प्रवाह कायाकच्या वेगाची बरोबरी करतो, म्हणून नवशिक्याने भांगाच्या दिवसांत सुरुवात करावी. मासा थोडा कमी मिळेल, पण पाणी शिकायला मिळेल.

कायाक आणि अंगावरचे सामान

वर बसण्याची, निदान बारा फूट लांब आणि रुंद बुडाची कायाक घ्यावी. पायांनी चालवायची पेडलची कायाक महाग असते, पण प्रवाहात एका जागी राहून दोन्ही हातांनी रॉड चालवता येतो, हा तिचा फायदा फार मोठा आहे. वल्ह्याच्या कायाकवरही मासे मिळतात, मात्र प्रवाहात जागा धरण्यासाठी काही उपाय लागतो आणि तेथेच बरेच जण नांगर टाकण्याची चूक करतात. वाहत्या पाण्यात नांगर कधीही कायाकच्या मध्यावरून बाजूला बांधू नये, कारण दोर ताणला की कायाक आडवी होते आणि क्षणात उलटते. नांगराचा दोर कप्पीवरून नाकाच्या किंवा शेपटीच्या टोकाला नेलेला असावा, त्याला तरंगता गोळा असावा आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ असावी. जहाजांच्या मार्गात तर नांगर टाकूच नये. स्टॉकटन आणि सॅक्रामेंटो या दोन्ही बंदरांकडे या नद्यांतून प्रचंड मालवाहू जहाजे जातात. ती कायाकसाठी थांबू शकत नाहीत, आणि ती गेल्यावर किनाऱ्यालगतचे पाणी आधी खेचले जाते आणि मग लाट होऊन परत येते.

लाइफ जॅकेट अंगावर घातलेले असावे. कायद्याने प्रौढ माणसाने ते नावेत ठेवले तरी चालते, परंतु उलटलेल्या कायाकच्या मागे ओढीत वाहत जाणाऱ्या जॅकेटचा काही उपयोग नसतो. जॅकेटला शिट्टी, लहान सुरी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीतला फोन अडकवावा. डिसेंबर ते मार्चमध्ये पाणी दहा अंशांच्या आसपास येते आणि त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच काम करेनासे होतात, म्हणून त्या काळात ड्रायसूट किंवा जाड वेटसूट नसेल तर काठावरूनच गळ टाकावा. हिवाळ्यात ‘ट्युली फॉग’ म्हणतात ते जमिनीलगतचे दाट धुके पडते. समोरचा बांध दिसत नसेल तर ते विरेपर्यंत पाण्यात उतरू नये. कायाक उलटवून पुन्हा वर चढण्याचा सराव उन्हाळ्यात, उथळ पाण्यात, सोबत माणूस असताना करून ठेवावा. हे ज्याने केलेले नाही त्याने मुख्य नदीत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उतरण्यासाठी ओकलीचे बिग ब्रेक ही माझी आवडती जागा आहे. हेही बांध फुटून तयार झालेले पाणी आहे. गाडीतळापासून पाण्यापर्यंत कायाक न्यावी लागते, म्हणून तिच्याखाली बांधायची दोन चाकांची गाडी सोबत घ्यावी, आणि मोठ्या ओहोटीला उथळ भागात चिखल उघडा पडतो हे ध्यानात ठेवून परतीची वेळ ठरवावी. उत्तरेकडे ब्रॅनन आयलंड हे राज्य उद्यान आहे. तेथून थ्रीमाइल स्लू जवळ पडते.

रॉड, लाइन आणि आमिष

सात फुटांचा मध्यम-जड रॉड, त्याला साजेसे रीळ, वीस ते तीस पौंडांची विणलेली लाइन आणि पुढे चार-पाच फूट फ्लोरोकार्बनचा लीडर (लाइन आणि गळ यांमधला पारदर्शक दोरा), एवढ्यावर वर्षभराचे काम भागते. आमिषांत तीनच प्रकार आधी घ्यावेत. पहिले, शेपूट हलवणारी चार-पाच इंचांची रबरी मासोळी, पाऊण ते एक औंसाच्या शिशाच्या डोक्याच्या गळावर बसवलेली. दुसरे, पाण्यात खोल जाणारे जिभेचे आमिष, जे कायाकच्या मागे ओढत न्यायचे असते. तिसरे, पाण्याच्या पृष्ठभागावर डावी-उजवीकडे डुलत चालणारे लांबट आमिष. हे तिसरे पहाटे आणि ढगाळ दिवशीच उपयोगी पडते. पण त्यावर मासा उसळलेला एकदा पाहिला की माणूस बाकी सगळे विसरतो.

जिवंत आमिष किंवा शॅड, सार्डिन या लहान चंदेरी माशांचे तुकडे लावणारे गळकरीही बरेच आहेत आणि हिवाळ्यात त्यांना आमच्यापेक्षा जास्त मासे मिळतात. तुकडे लावायचे असतील तर गोल वळलेला गळ वापरावा, म्हणजे तो पोटात न जाता ओठाच्या कोपऱ्यात रुततो.

मासा कोठे उभा असतो

स्ट्राइप्ड बास वाहत्या पाण्यात शिकार करतो, पण वाहत्या पाण्याशी विनाकारण झुंजत नाही. तो संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि शेजारच्या वेगवान पाण्यातून वाहून येणारी मासोळी टिपतो. म्हणून जेथे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण दिसते, म्हणजे पृष्ठभागावर फेसाची, काडीकचऱ्याची किंवा गुळगुळीत आणि खरखरीत पाण्याच्या सीमेची रेघ दिसते, तेथे गळ टाकावा. ओहोटीला फाट्यांची तोंडे पाहावीत, कारण उथळ लव्हाळ्यातले पाणी उतरू लागले की लहान मासोळीला तेथून बाहेर पडावेच लागते. भरतीला फुटलेल्या बांधांच्या खिंडी पाहाव्यात, जेथून पाणी आतल्या उथळ भागात घुसते.

एक प्रसंग जसा घडला तसा सांगतो. ऑक्टोबरची सकाळ, ओहोटीचे शेवटचे दोन तास. एका अरुंद फाट्याच्या तोंडाशी ट्युलींची, म्हणजे येथल्या उंच लव्हाळ्याची, भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी ओल्या चिखलाची हातभर पट्टी उघडी पडली होती. पट्टीच्या कडेला बोटभर लांबीचे शॅड एकदम वर उडाले, मूठभर चांदीची नाणी फेकावीत तसे, आणि त्यांच्या खाली पाणी फक्त एकदा गरकन फिरले. मी रबरी मासोळी त्या जागेवर टाकली नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला सात-आठ मीटर पुढे टाकली, तळ लागेपर्यंत लाइन सोडली, आणि रीळ इतके सावकाश फिरवले की शेपटीची थरथर रॉडच्या टोकात जाणवत राहावी. आमिष शिवणीवर आले तेव्हा थरथर थांबली. झटका बसला नाही, केवळ थांबली. ज्यांना झटक्याची सवय असते ते येथे मासा घालवतात. थरथर थांबली की रॉड लगेच ताणायचा.

मासा दिसत नसेल तर खोल जाणारे आमिष मागे सोडून, ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या वेगाने, खोल पाण्याच्या कडेने ओढत जावे. पहिला मासा लागला की जीपीएसवर ती जागा नोंदवावी आणि थांबून तेथे रबरी मासोळी टाकावी, कारण हा मासा क्वचितच एकटा असतो. आकाशाकडेही लक्ष असावे. सीगल एका जागी घिरट्या घालून खाली झेपावत असतील तर खालून बासने शॅडचा थवा वर रेटलेला असतो. त्या थव्याच्या मध्ये कायाक घुसवू नये, कडेला थांबून गळ टाकावा. फ्रँक्स ट्रॅक्टमध्ये उन्हाळ्याअखेर पाणवनस्पती इतकी माजते की आमिष दर वेळी हिरवी शेवाळी दाढी घेऊन येते. आपल्या नद्यांना छळणारी जलपर्णीही डेल्टात आहे, आणि वाऱ्याने तिचे तरंगते ताफे फाट्याचे तोंड बंद करतात. परतीचा फाटा मोकळा आहे ना, हे अधूनमधून पाहून घ्यावे.

मासा लागल्यावर

मोठा बास कायाकला ओढत नेतो. त्याला नेऊ द्यावे. रीळचा ड्रॅग (ज्या ताणाला लाइन सुटू लागते तो) लाइनच्या ताकदीच्या चौथाईच्या आसपास ठेवावा, रॉडचे टोक कायाकच्या नाकाच्या दिशेला ठेवावे आणि मासा बाजूने खाली गेला तर रॉड पाण्यात बुडवून नाकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्यावा. ताणलेला रॉड काटकोनात बाजूला धरून वाकणे हे उलटण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. मासा ओढत नेत असताना आपण जहाजांच्या मार्गाकडे तर जात नाही ना, हे मान वर करून पाहावे, आणि जात असू तर लाइन कापावी.

मासा रबरी जाळीच्या झेल्यात घ्यावा आणि पक्कड, मोजपट्टी हाताशी येईपर्यंत पाण्यातच ठेवावा. त्याच्या पाठीचा रंग ऑलिव्ह, कुशी चांदीसारख्या, आणि खवल्यांच्या ओळींवरून सात-आठ काळ्या रेघा जातात. दात जाणवत नाहीत, ओठ पॉलिशपेपरसारखा खरखरीत असतो, म्हणून खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. मात्र कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि पाठीवरचे पहिले पर काट्यांचे असते, त्यामुळे तो पायांमध्ये दाबून धरू नये. सोडायचा असेल तर दोन्ही हातांनी आडवा आधार द्यावा आणि तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरावा. पाणी २१ अंशांच्या वर गेले असेल तर सोडलेला मासा बऱ्याचदा जगत नाही. अशा दिवशी गरजेपुरता मासा घेऊन मासेमारी थांबवावी.

ठेवायचा असेल तर लगेच कल्ला कापून रक्त जाऊ द्यावे आणि बर्फाच्या पिशवीत घालावा. उन्हात तासभर ठेवलेला बास घरी नेऊन काही उपयोग नाही. कापताना कातडी काढून कुशीतली गडद लाल पट्टी काढून टाकावी, मग हळद-मीठ आणि आगळ लावून रव्यात घोळून तळावा.

परवाना, पारा आणि शिंपले

सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला कॅलिफोर्नियाच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचा मासेमारी परवाना लागतो, आणि दोन रॉड वापरायचे असतील तर त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. डेल्टात वर्षानुवर्षे चालत आलेली मर्यादा माणशी दिवसाला दोन मासे आणि किमान लांबी १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर, अशी आहे, तरीही निघण्यापूर्वी विभागाचे चालू वर्षाचे नियम वाचावेत. कायाकला विजेवरची मोटर लावली तर तिची नोंदणी करावी लागते.

एकोणिसाव्या शतकात सोने काढताना वापरलेला पारा या नद्यांच्या गाळात अजून आहे आणि तो मोठ्या शिकारी माशांच्या मांसात साठतो. लाल पट्टी काढल्याने चरबीतली काही दूषिते कमी होतात, पारा मात्र शिजवून किंवा कापून जात नाही. राज्याच्या पर्यावरणीय आरोग्य धोका मूल्यांकन कार्यालयाने (OEHHA) किती खावे याचे तक्ते दिलेले आहेत आणि ते मुलांसाठी व मूल होण्याच्या वयातील स्त्रियांसाठी विशेष कडक आहेत. घरात लहान मुले असतील तर तो तक्ता वाचूनच मासा ताटात वाढावा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल नावाचे परदेशी शिंपले सापडले. ते पाइपांत आणि बोटींच्या तळाला चिकटून झपाट्याने वाढतात, आणि त्यांच्या भीतीने राज्यातल्या अनेक तलावांनी बाहेरून येणाऱ्या नावांची तपासणी सुरू केली आहे. डेल्टातून बाहेर काढलेली कायाक तेथेच उलटी करून सगळे पाणी काढावे, पेडलच्या खाचेतले गवत हाताने उपसावे, नांगराचा दोर उलगडून पुसावा आणि सगळे सामान उन्हात कडकडीत वाळेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही पाण्यात उतरवू नये. दोराच्या पिळात ओल सर्वांत जास्त दिवस टिकते, म्हणून मी तो घरी आल्यावर गच्चीच्या कठड्यावर मोकळा टाकतो आणि आठवडाभर उचलत नाही.